खानापूरची बेकारी आकड्यांत का दिसत नाही?

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील मुले कामासाठी गोवा गाठत असताना तो तालुका बेकारीग्रस्त म्हणून कुठेच का नोंदला जात नाही, हा आपला प्रश्न रास्त आहे. मुळात आपल्याकडे बेकारीच्या दरानुसार तालुक्यांची वर्गवारी होतच नाही. 2002 च्या नंजुंडप्पा समितीने कर्नाटकातील 175 पैकी 114 तालुके मागास ठरवले, पण ते 35 निर्देशकांवरून. तो मागासलेपणाचा हिशेब होता, बेकारीचा नव्हे. केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणातही नमुना निवडीचा मूळ घटक म्हणून जिल्हा आला तो जानेवारी 2025 पासून. तालुका अजून दूरच आहे.

त्यातच व्याख्या अशी आहे की बेकार ठरणेच अवघड. साप्ताहिक निकषानुसार सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर काम केलेला माणूस रोजगारात धरला जातो; वार्षिक निकषात वर्षातले 30 दिवसांचे दुय्यम कामही पुरते. त्यामुळे गळीत हंगामापुरता कारखान्यावर लागलेला चिकोडीकडचा मुलगा आणि घरी बसून विड्या वळणारी निपाणीची बाई, दोघेही त्या रकान्यात रोजगारातच. शिवाय मोजणी राहत्या ठिकाणी होते. गोव्यात बिऱ्हाड केलेला मुलगा गोव्याच्या खात्यात जातो आणि तो बाहेर पडल्यामुळेच खानापूरचे चित्र बरे दिसते.

अमेरिकेत लोक रोज कामाला कुठून कुठे जातात यावरून श्रमबाजार क्षेत्रे आखतात आणि ती राज्यांच्या सीमा ओलांडतात. याखेरीज, ज्या भागाचा बेकारीचा दर दोन वर्षे राष्ट्रीय सरासरीपेक्षा किमान 20 टक्के जास्त असतो, तो सर्वसाधारणपणे श्रमाधिक्य क्षेत्र ठरतो आणि तेथील उद्योगांना सरकारी खरेदीत प्राधान्य मिळू शकते. रोजच्या ये-जाची ती कसोटी इथे लावायची तर बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्री आणि महाराष्ट्रातील चंदगड तालुक्यातील शिनोळीचे कारखाने एकाच क्षेत्रात धरावे लागतील, तसेच कर्नाटकातील निपाणी आणि महाराष्ट्रातील कागलही. सीमाभागात राज्याच्या हद्दीवरून आधीच एवढे रामायण झाले आहे की तसा नकाशा काढण्याचे धाडस कोणते खाते करील, अशी मला शंका आहे.

तोवर 2011 च्या जनगणनेतील गावनिहाय तक्त्यांत मुख्य आणि सीमांतिक कामगारांचे प्रमाण पाहावे. आकडे जुने असले, तरी वर्षातून 183 दिवसांपेक्षा कमी काम मिळालेले लोक त्यांत सीमांतिक म्हणून वेगळे काढलेले आहेत.