हर्णैला जाताय? सुवर्णदुर्गाची चौकशी किनाऱ्यावर करा

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. वडिलांना हर्णैसमोरचा समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला दाखवायचाय, एका कार्यालयात ‘होडीसाठी लेखी परवानगी आणा’ म्हणाले, दुसऱ्यात ‘हा विषय आमच्याकडे नाही’, आणि आता तुम्ही सुट्टीतला एक अख्खा दिवस या कागदासाठी काढणार आहात. आमचंही हेच झालं होतं. दापोलीहून हर्णैला कसं जायचं, राहायचं कुठे, हे तुम्हाला कुणीही सांगेल. त्यात शिरत नाही.

आमच्याबरोबर एक निवृत्त शिक्षक होते. कान्होजी आंग्र्यांचं आरमार हा त्यांच्या आयुष्यभराचा विषय. त्यांच्यासाठीच सहल आखली होती. कुणीतरी परवानगीचं सांगितलं म्हणून सकाळीच एका कार्यालयात गेलो. अर्ज लिहून घेतला, ओळखपत्रांच्या झेरॉक्स मागितल्या, साहेब मीटिंगला गेलेत म्हणाले, मग जेवणाची सुट्टी झाली. त्यानंतर उत्तर मिळालं: हे काम आमचं नाही. हर्णैला पोचेपर्यंत दुपारचा वारा सुटलेला, आणि होडीवाल्यांनी साफ नकार दिला. म्हणाले, असला कागद आम्ही कधी मागत नाही, तुम्ही सकाळी यायला हवं होतं. सरांना पुन्हा एवढा प्रवास झेपला नाही. ‘आमचं काम नाही’ हे तीन शब्द सकाळी पहिल्याच मिनिटाला सांगता आले असते, याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

तेव्हा माझं स्पष्ट मत: आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन होडीवाल्याशीच बोला. भरती-ओहोटी, वारा, वडिलांना होडीत चढता-उतरता येईल का, हे तोच सांगू शकतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, ते दिवस टाळलेले बरे. पावसाळ्यात विषयच सोडा. एक मात्र सांगून ठेवतो, माझा अनुभव जुना आहे. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे जे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले त्यात सुवर्णदुर्ग आहे, त्यामुळे नियम बदललेही असतील. पण कुणी परवानगी लागते म्हणालं, तर ती कोण देतं आणि कुठल्या आदेशानुसार, हे आधी विचारा, मगच अर्ज लिहायला बसा. अर्ज दिलाच तर पोच घ्या.

आणि किल्ल्यावर जाता आलं नाही तर हर्णै पाहिलंच नाही असं मानू नका. सुवर्णदुर्गाच्या रक्षणाला किनाऱ्यावर तीन किल्ले होते: गोवा किल्ला, कनकदुर्ग, फत्तेदुर्ग. फत्तेदुर्गावर आता कोळ्यांची घरं आहेत, तट शोधत बसू नका. कनकदुर्गावर दीपगृह आहे. तिथून सुवर्णदुर्ग समोर दिसतो आणि हे ठाणं इतकं महत्त्वाचं का होतं ते कळतं. कान्होजींचा उदय सुवर्णदुर्गावरूनच झाला.

1755 च्या एप्रिलमध्ये हा किल्ला कान्होजींचे चिरंजीव तुळाजी आंग्रे यांच्या हातून गेला. इंग्रजांचा कमोडोर विल्यम जेम्स ‘प्रोटेक्टर’ जहाजावरून तोफा डागत होता आणि पेशव्यांचं सैन्य त्याच्या बाजूने होतं. पुढच्याच वर्षी विजयदुर्गात आंग्र्यांचं आरमार जळालं. आपसातल्या वैरापायी आपण समुद्र घालवला, असं मला ठामपणे वाटतं. सर यावर माझ्याशी वाद घालायचे, तुळाजींचा दोषही कमी नव्हता म्हणायचे. इंग्रजांनी किल्ला पेशव्यांना दिला आणि स्वतः बाणकोटचा किल्ला घेतला. जेम्सच्या पत्नीने 1784 मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ तिकोनी मनोरा बांधला, त्याला नाव दिलं सेव्हर्नड्रूग, म्हणजे आपला सुवर्णदुर्गच. कुणी तिकडे राहत असेल तर जरूर बघा.

होडी मिळाली, तर दरवाज्याच्या पायरीवरचं कासव आणि तटावरचा मारुती वडिलांना दाखवायला विसरू नका. आत झाडी माजलेली असते. पाणी बरोबर न्या, बूट घाला.

परत आलात की साधारण चारनंतर किनाऱ्यावर मासळीचा लिलाव. बोटी खोल पाण्यात नांगरतात, तिथून मासळी छोट्या होड्यांनी आणि बैलगाड्यांनी वाळूवर येते. ढिगाभोवती बोली लागते ती व्यापाऱ्यांची. तिथे मध्ये उभं राहून फोटो काढू नका, लोकांचा दिवसभराचा हिशेब चाललेला असतो. आपण घ्यायचं ते बाजूला वाटे लावून बसलेल्या बायकांकडून. पापलेट-सुरमईच्या मागे सगळेच लागतात, मी म्हणेन ताजे बांगडे किंवा म्हाकूळ घ्या. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा येऊन ‘लिलाव कुठेय’ विचारू नका.

वडिलांचे गुडघे दुखतात असंही तुम्ही लिहिलंय. मग कनकदुर्गाच्या पायऱ्या त्यांना झेपतात का ते खाली उभं राहूनच ठरवा. नाहीच झेपल्या, तर आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला न्या. खाडीवर पूल झाल्यापासून गाडी वर देवळाजवळ जाते आणि तिथूनही सुवर्णदुर्ग दिसतो.