रमाबाई नगर, ११ जुलै १९९७: आधी काय झालं आणि नंतर काय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ११ जुलैला घाटकोपरजवळ ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला अभिवादनाचे फलक दिसले, म्हणून तुम्ही शोध घेतला. तेव्हा कुणीतरी लिहिलेलं वाचलंत की जमाव गॅसचे टँकर पेटवायला निघाला होता, म्हणून पोलिसांना गोळ्या चालवाव्या लागल्या. १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगर या दलित वस्तीत बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला कुणीतरी चपलांचा हार घातला, लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले, तो हा प्रसंग. यातलं खरं काय, आणि एका हारावरून, एवढ्याशा गोष्टीवरून, लोक इतके का पेटले?

मी तेव्हा विक्रोळीला कन्नमवार नगरात राहायचो, बारावी नुकतीच झाली होती. माझी आत्या रमाबाई नगरात राहायची, हायवेपासून दुसऱ्या गल्लीत. त्यामुळे या विषयावर मी तटस्थपणाचा आव आणणार नाही. पण घटनांचा क्रम तरी नीट सांगतो, कारण सगळा घोळ क्रमातच आहे. आजही दहापैकी आठ जण हा प्रसंग उलटा सांगतात: लोकांनी जाळपोळ केली आणि मग गोळीबार झाला. तसं झालेलं नाही.

त्या दिवशी शुक्रवार होता. पहाटे उठलेल्या लोकांना वस्तीच्या तोंडाशी असलेल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या गळ्यात चपलांचा हार दिसला. जवळच पोलीस चौकी होती. लोक आधी तिथेच गेले आणि तिथून त्यांना पंतनगर पोलीस ठाण्याचा रस्ता दाखवण्यात आला. सातच्या सुमारास गर्दी वाढली, लोक हायवेवर उतरले आणि वाहतूक थांबली. साडेसातच्या पुढे राज्य राखीव पोलीस दलाची, म्हणजे आपण ज्याला एसआरपी म्हणतो त्यांची तुकडी आली. उपनिरीक्षक मनोहर कदम तिचे प्रमुख होते. तुकडी आल्यावर काही मिनिटांतच गोळीबार सुरू झाला. दहा माणसं गेली, सव्वीस जखमी झाली. बहुतेकांना गोळ्या कमरेच्या वर लागल्या होत्या. रस्त्यावर घोषणा देणाऱ्यांनाच लागल्या असंही नाही. सर्व्हिस रोडवर आणि गल्लीच्या तोंडाशी काय चाललंय ते बघायला आलेली माणसंही त्यात होती.

वस्तीसमोर बस पेटली ती त्यानंतर, अकराच्या पुढे. दुपारी पोलीस पुन्हा वस्तीत शिरले, लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला.

पुढच्या आठवड्यात मी आत्याकडे गेलो. पाऊस लागलेला, सर्व्हिस रोडवर चिखल आणि त्या चिखलात रुतलेल्या चपला. एकेकट्या, जोडी नसलेल्या. कुणी उचलल्या नव्हत्या. आत्याच्या घराला खाली विटांच्या भिंती आणि वर पत्र्याचा पोटमाळा होता. त्या पत्र्याला रस्त्याच्या बाजूने भोक पडलं होतं, करंगळी जाईल एवढं, कडा आतल्या अंगाला वळलेल्या. माझा आतेभाऊ त्या माळ्यावर झोपायचा. त्या दिवशी तो कामाला लवकर बाहेर पडला होता, एवढंच.

आत्या रडत नव्हती. ती येईल त्या माणसाला हाताला धरून गल्लीच्या तोंडाशी न्यायची आणि विचारायची, "टँकर कुठं होता रे? दाखव मला." पाहुण्यांना विचारायची, पेपरवाल्यांना विचारायची, मलाही विचारलं. दुसऱ्याच दिवसापासून सांगणं सुरू झालं होतं की हायवेवर गॅसचे टँकर उभे होते, जमाव ते पेटवणार होता, स्फोट झाला असता तर घाटकोपर बेचिराख झालं असतं, आणि म्हणून गोळीबार हा नाइलाज होता. माझ्या मते लोकांचा संताप जो पुढे वर्षानुवर्षं टिकला तो या खुलाशामुळे. गोळ्या दहा-पंधरा मिनिटं चालल्या. हा खुलासा मात्र रोज नव्याने ऐकावा लागत होता आणि त्याचा अर्थ एवढाच होता की मेलेले लोक मरायच्याच लायकीचे होते.

आता हार. "एवढ्याशा गोष्टीवरून" असं तुम्ही लिहिलंत. तुमचा हेतू वाईट नाही हे कळतं, पण ही गोष्ट एवढीशी नाही. मुंबईतल्या अशा वस्त्यांत १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आलेली कितीतरी घरं आहेत. आत्या परभणीकडची. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यावरून दलित वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हाचं तिने स्वतः पाहिलं होतं. ते नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला, तेही नामांतर न होता नामविस्तार होऊन, म्हणजे 'मराठवाडा' हे नाव कायम ठेवून. म्हणजे आधीचं सगळं भोगून लोक जेमतेम तीन वर्षं श्वास घेत होते. वस्तीतला पुतळा सरकारने उभारून दिलेला नसतो. रुपया-दोन रुपयांची वर्गणी काढून बसवलेला असतो. मुलगा परीक्षेला जाताना, नवरी सासरी जाताना तिथे थांबते. त्याच्या गळ्यात चपला घालणारा माणूस सिमेंटच्या मूर्तीचा अपमान करत नसतो, तो त्या गल्लीतल्या प्रत्येक घराला सांगत असतो की तुमची जागा कुठे आहे.

आणि तेव्हाचं वातावरण विसरू नका. १९९५ पासून शिवसेना-भाजप युतीचं सरकार होतं, मनोहर जोशी मुख्यमंत्री, गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री. मराठवाड्यातले अॅट्रॉसिटीचे, म्हणजे दलितांवरच्या अत्याचारांचे, खटले मागे घेण्याचा निर्णय याच सरकारचा. १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणारा श्रीकृष्ण आयोगही याच सरकारने जानेवारी १९९६ मध्ये गुंडाळला होता आणि काही महिन्यांनी पुन्हा सुरू केला होता. चौकीत जाऊन न्याय मिळेल हा विश्वास आधीच पातळ झालेला होता. तरीही त्या सकाळी लोक पहिल्यांदा चौकीतच गेले, हे लक्षात ठेवा.

गोळीबाराचे नियम नाहीत असं नाही. जमाव बेकायदेशीर ठरवायचा, पांगायला सांगायचं, ते सर्वांना ऐकू जाईल असं सांगायचं, मग लाठी, मग अश्रुधूर आणि अगदीच गत्यंतर नसेल तर कमीत कमी गोळ्या, त्याही कमरेच्या खाली. स्थानिक पोलिसांना वस्तीतली माणसं माहीत असतात. मंडळाचा अध्यक्ष कोण, कुणाचं लोक ऐकतात, कुणाशी बोललं तर रस्ता मोकळा होईल हे बीटवरच्या हवालदाराला पाठ असतं. एसआरपीची तुकडी बाहेरून येते, हातात रायफल घेऊन येते आणि तिला समोर फक्त जमाव दिसतो. म्हणूनच अशा तुकडीला पुढे करण्याआधी बोलणी होणं महत्त्वाचं असतं. त्या सकाळी त्यासाठी वेळच दिला गेला नाही.

लोकांची प्रतिक्रिया एकसारखी नव्हती, हेही सांगायला हवं. मुंबईत आणि राज्यभर बंद, मोर्चे, रास्ता रोको झाले. काही ठिकाणी तोडफोड झाली. भेटीला आलेल्या नेत्यांनाही वस्तीचा राग झेलावा लागला आणि त्यात आपलेच म्हणवणारे नेतेही होते. रिपब्लिकन पक्षाच्या गटबाजीला लोक किती विटले होते ते त्या दिवसांत उघड दिसलं.

आणि काही जणांचा राग बाहेर आलाच नाही. मुलुंडला राहणारे शाहीर विलास घोगरे, डाव्या चळवळीत आयुष्यभर गाणारा माणूस, रमाबाई नगरातलं दृश्य पाहून घरी गेले आणि १५ जुलैला त्यांनी गळफास घेतला. कपाळाला निळं, म्हणजे आंबेडकरी चळवळीच्या रंगाचं, कापड बांधलेलं होतं. मी त्यांचं गाणं एकदाच समोर बसून ऐकलं आहे, तेव्हा मला त्यांचं नावही माहीत नव्हतं. त्या चार-पाच दिवसांतल्या मृतांची संख्या मोजताना लोक दहा म्हणतात. मी मनात अकरा मोजतो.

राजकारणात या संतापाचा परिणाम लवकर दिसला. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत रिपब्लिकन गट एकत्र आले, काँग्रेसशी समझोता झाला आणि चार खासदार निवडून आले: प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई आणि जोगेंद्र कवाडे, चौघेही खुल्या जागांवरून. युतीला ४८ पैकी १० जागा मिळाल्या. त्यामागे इतरही कारणं होती, पण रमाबाई नगर हे त्यातलं मोठं कारण होतं असं मी ठामपणे म्हणतो, कारण प्रचारात आमच्या भागात दुसरा विषयच निघत नव्हता. ही एकी पुढे टिकली नाही. त्याबद्दल लिहायला बसलो तर उत्तर भरकटेल.

चौकशीसाठी न्यायमूर्ती गुंडेवार यांचा आयोग नेमला गेला. आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला, कदम यांना जबाबदार धरलं आणि टँकरचा बचाव मान्य केला नाही. टँकर गोळीबाराच्या जागेपासून दूर उभे होते. म्हणजे आत्या जे हाताला धरून दाखवत होती तेच अखेर कागदावर आलं.

पण आयोग म्हणजे न्यायालय नव्हे, आणि इथेच अनेकांची फसगत होते. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यानुसार आयोगाचा निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नसतो. आयोगापुढे माणसाने दिलेली साक्ष पुढे फौजदारी खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. त्यामुळे सगळा पुरावा पुन्हा पहिल्यापासून उभा करावा लागतो, साक्षीदारांना पुन्हा बोलवावं लागतं. त्यात जमाव पांगवताना केलेल्या कृतीसाठी पोलिसांवर खटला भरायचा तर आधी सरकारची मंजुरी लागते. तोवर माणसं घरं बदलतात, गावी जातात, मरतात. सत्र न्यायालयाचा निकाल लागला मे २००९ मध्ये, घटनेनंतर जवळजवळ बारा वर्षांनी. सदोष मनुष्यवधाबद्दल कदम यांना जन्मठेप झाली. वस्तीत त्या दिवशी लोक पुतळ्यापाशी जमले होते. थोड्याच दिवसांत उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून त्यांना जामीन दिला. आत्याने त्यावर एक शब्द उच्चारला नाही, टीव्ही बंद केला आणि भाजी निवडायला बसली.

"पण हायवे अडवणं चूकच ना?" हा तुमच्या प्रश्नाखालच्या एका प्रतिसादातला मुद्दा. रस्ता अडवल्याने लोकांचे हाल होतात, मान्य. नोव्हेंबर २००६ मध्ये कानपूरच्या पुतळा विटंबनेनंतर उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जाळले गेले, त्याचं मी समर्थन करत नाही, तेव्हाही केलं नव्हतं. पण रस्ता अडवण्याची शिक्षा मृत्यू नाही. ऑगस्ट २०११ मध्ये पवना धरणाचं पाणी जलवाहिनीने नेण्याच्या विरोधात मावळचे शेतकरी मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर उतरले, बौरजवळ गोळीबार झाला, तिघे गेले. तेव्हा हा प्रश्न कुणी इतक्या सहज विचारला नव्हता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मोरारजी देसाईंच्या राजवटीत मुंबईच्या रस्त्यांवर गोळ्या चालल्या, तेव्हाही सरकारचं म्हणणं हेच होतं की जमाव हिंसक होता. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं, तेव्हा त्या गोळीबारांची चौकशी होत नाही हाही त्यांच्या तक्रारीचा भाग होता. आज १ मे रोजी राज्याचे मुख्यमंत्री हुतात्मा चौकात पुष्पचक्र वाहतात. ते योग्यच आहे. रमाबाई नगरातल्या दहा जणांना मात्र अभिवादन करायला मुख्यतः तीच वस्ती, त्यांचे नातेवाईक आणि बाहेरगावहून आलेले भीमसैनिक असतात.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली, लोक रस्त्यावर आले, धरपकड झाली आणि कायद्याचा अभ्यास करणारा एक तरुण कोठडीत दगावला. तेव्हा आतेभावाचा फोन आला. तो फक्त एवढंच म्हणाला, "आई असती तर आत्ता सगळ्यांना विचारत बसली असती."

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. घर पुनर्विकासात गेलं. पाडायच्या आदल्या दिवशी आतेभावाने पोटमाळ्याचा तो पत्रा कापून काढला. संक्रमण शिबिरातल्या खोलीत ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो माझ्याकडे आणून ठेवला आहे, जुन्या चादरीत गुंडाळून. कडा गंजल्यात, पण भोक अजून स्पष्ट दिसतं आणि ते कुठल्या बाजूने पडलंय हेही. तुम्हाला बघायचा असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा, रविवारी मी घरीच असतो. पुढच्या ११ जुलैला सकाळी वेळ असेल तर सोबत घाटकोपरलाही जाऊ. पुतळ्यापाशी उभं राहून हायवे किती अंतरावर आहे ते तुम्हीच पावलांनी मोजा.