समरकंद, बुखारा, खिवा: टाइल्सचे फोटो नीट यावेत म्हणून काय करावं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आठ दिवस उझबेकिस्तान, म्हणजे समरकंद, बुखारा आणि खिवा. जवळ एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) कॅमेरा, १८-५५ आणि ५५-२०० मिमी अशा दोन लेन्स (आकडा लहान तितकं दृश्य रुंद). नवी वाइड लेन्स घ्यावी का? आणि इतरांच्या फोटोंत तिथल्या टाइल्स एकतर भडक निळ्या नाहीतर हिरवट का दिसतात?

नवी लेन्स घेऊ नका. तुमच्या प्रश्नात लेन्सवर पाच ओळी आहेत आणि दिशांवर एकही नाही, मेख तिथेच आहे. रेशीम मार्गावरच्या या शहरांत मोठ्या इमारती एकमेकींकडे तोंड करून बांधायची पद्धत होती. तिकडे अशा जोडीला ‘कोश’ म्हणतात. परिणाम उघड आहे: एक उन्हात न्हाते तेव्हा समोरची काळोखात असते. बसमधून अकरा वाजता उतरणारा पर्यटक दोन्हींचे फोटो त्याच दहा मिनिटांत काढतो आणि त्यातला किमान एक वाया जातो.

समरकंदचा रेगिस्तान हा चौक घ्या. चौकाच्या दक्षिणेला प्रेक्षकांसाठी ओटा आहे, तिथे तुम्ही उत्तरेकडे तोंड करून उभे राहता. डाव्या हाताला उलुग बेगचा मदरसा (१४१७-२०), तोंड पूर्वेला. उजव्या हाताला शेर-दोर (१६१९-३६), तोंड पश्चिमेला. समोर तिल्ला-कारी (१६४६-६०), तोंड दक्षिणेला. म्हणजे सकाळ उलुग बेगची, संध्याकाळ शेर-दोरची. तिल्ला-कारीवर तुमच्या तारखांना जवळजवळ दिवसभर ऊन असेल, कारण ऑक्टोबरात सूर्य उगवतो तोच किंचित दक्षिणेकडे सरकलेला. जूनमध्ये जाणाऱ्यांची इथे पंचाईत होते. तेव्हा सूर्य ईशान्येला उगवतो आणि दक्षिणमुखी भिंतीवर पावणेनऊपर्यंत ऊनच पडत नाही, दुपारी साडेचारनंतर ते पुन्हा निघून जातं. ‘गोल्डन अवर’ (सूर्योदयानंतरचं सोनेरी ऊन) गाठायला पहाटे धावलेल्या माणसाला तिल्ला-कारी राखाडी मिळते.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात समरकंदला सूर्योदय साधारण साडेसहाला, सूर्यास्त सहा-दहाच्या आसपास. सगळ्या देशाचं घड्याळ एकच असल्यामुळे पश्चिमेकडच्या खिवाला हेच सगळं जवळपास पंचवीस मिनिटं उशिरा होतं, बुखाराला दहा मिनिटं. समरकंदच्या सवयीने खिवाला उठलात तर अंधारात थंडी खात उभे राहाल.

आणखी एक गोष्ट नकाशावर कळत नाही. सूर्य उगवला म्हणजे उलुग बेगची भिंत लगेच उजळत नाही, कारण शेर-दोरची सावली चौक ओलांडून तिच्यावर पडलेली असते. आधी वरची कड उजळते, मग ऊन हळूहळू खाली उतरतं. संध्याकाळी याच्या उलट: शेर-दोरचा खालचा भाग आधी विझतो आणि शेवटची वीस-पंचवीस मिनिटं फक्त कमानीच्या वरचा भाग पेटलेला राहतो. हीच वेळ ५५-२०० लावायची. कमानीच्या दोन्ही खांद्यांवर पांढऱ्या हरणामागे धावणारा पट्टेदार वाघ आहे (नावात ‘शेर’ असला तरी), आणि त्याच्या पाठीमागून माणसाच्या चेहऱ्याचा सूर्य वर येतोय. १३५ ते २०० मिमीवर एकच खांदा पूर्ण चौकट भरून घ्या. त्या सूर्याच्या भुवया आणि मिटलेले ओठ १८ मिमीच्या फोटोत ठिपका होऊन जातात.

आता रंगांचं. टाइल्स हिरवट येतात त्याला ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग ओळखून कॅमेरा स्वतःच करतो ती रंगदुरुस्ती) जबाबदार. चौकटीत ऐंशी टक्के निळं दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच निळा आहे, आणि तो पिवळं मिसळतो. फिरोजी हिरवट होतो, विटा नारिंगी होतात. भडक निळं होतं ते सावलीत: निरभ्र आकाशाखालच्या सावलीतला उजेड मुळातच निळसर असतो आणि कॅमेरा ‘डेलाइट’वर अडकवलेला असतो. उपाय सोपा. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, व्हाइट बॅलन्स उन्हात ५२०० ते ५५०० केल्विन, मोकळ्या सावलीत ७००० ते ७५०० केल्विन हाताने लावा आणि जागा बदलली की एकदा ग्रे कार्डचा (रंगछटा नसलेल्या राखाडी कार्डाचा) फोटो घ्या. पांढरा कागद चालणार नाही; छपाईच्या कागदात चकाकी आणणारं रसायन असतं, तो स्वतःच निळसर असतो. विटाही चालणार नाहीत, त्या पिवळ्याच आहेत.

एवढं करूनही घुमट सपाट, प्लास्टिकच्या बादलीसारखा दिसला तर दोष एक्स्पोजरचा आहे. तांब्याच्या झिलईतून येणारा तो फिरोजी इतका गडद असतो की निळा चॅनेल आधी फाटतो (मर्यादेबाहेर जाऊन त्यातले बारकावे पुसले जातात) आणि साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) मात्र सगळं ठीक असल्याचं सांगतो. कॅमेऱ्यात आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगळा दाखवणारा) हिस्टोग्राम चालू करा, एक्स्पोजर -०.७ स्टॉपपासून सुरू करा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), कमानीच्या आतला अंधार नंतर संगणकावर दोन स्टॉप वर उचला. गुर-ए-अमीर या समरकंदमधल्या तैमूरच्या कबरीच्या पन्हाळीदार घुमटावर फरक लगेच दिसतो: नीट काढला तर दोन कण्यांमधली सावली निळीच राहते, फाटला तर सगळा घुमट एका रंगाचा गोळा. नंतर संगणकावर ‘अ‍ॅक्वा’ची सॅच्युरेशन दहा-पंधराने कमी करा. वाढवायची तर मुळीच नाही.

पोलरायझर (लेन्सवर लावून फिरवायचा चकाकी कापणारा फिल्टर) जरूर न्या. झिलईवरची चकाकी तो चांगली कापतो, पण भिंतीकडे तिरपं उभं राहिल्यावर. अगदी समोरून कितीही फिरवा, काही होणार नाही. १८ मिमीवर आकाश घेत असाल तर काढून ठेवा, नाहीतर आकाशाच्या मधोमध काळपट डाग येतो. दीड ते दोन स्टॉप उजेड खातो, म्हणून आत शिरताना तो उतरवायला विसरू नका.

समरकंदच्याच शाह-ए-जिंदा या कबरस्तानाला वेगळा विचार लागतो. टेकडीवर चढत जाणारी अरुंद गल्ली, दोन्हीकडे चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या कबरींच्या इमारती. अर्धी गल्ली उन्हात, अर्धी सावलीत, मधे धारदार रेषा. अशा वेळी पूर्ण गल्लीचा फोटो जवळजवळ नेहमीच फसतो. तिथे ऊन वर येण्याआधी जा आणि सावलीतच काम करा. शादी मुल्क आगाच्या कबरीची (१३७२) दर्शनी बाजू कोरीव टाइल्सची आहे, नक्षी बोटाच्या पेराएवढी आत गेलेली. इथे कडक ऊन नको, एका बाजूने येणारा मऊ उजेड हवा. ३५ ते ५५ मिमी, एफ/८ (लेन्सच्या छिद्राचं माप), सेन्सर भिंतीला समांतर. जरा तिरपा धरला तरी एक कोपरा फोकसबाहेर जातो. ही जागा जिवंत तीर्थस्थान आहे. प्रेषित मुहंमदांचे चुलतभाऊ कुसम इब्न अब्बास यांच्या कबरीपाशी लोक बसून दुआ म्हणतात, तिथे कॅमेरा खाली.

कॅमेरा वर झुकवला की इमारती मागे पडल्यासारख्या दिसतात, त्याबद्दल बुखाराच्या कल्यान मिनाराचं उदाहरण पुरे. ११२७ साली बांधलेला, सुमारे ४६ मीटर उंच. कॅमेरा उभा, अगदी समतल धरून १८ मिमीवर तो पूर्ण बसवायचा तर सुमारे ७० मीटर मागे जावं लागतं आणि खालची अर्धी चौकट फरसबंदीने भरते. फोनच्या अल्ट्रावाइडने हेच ३५ मीटरवर जमतं. दुपारच्या भरपूर उजेडात फोन वापरण्यात कमीपणा नाही, आणि नवी लेन्स नको म्हणालो त्याचं निम्मं कारण हेच. नाहीतर कॅमेरा वर झुकवा, पण दोन्ही बाजूंना चौकटीचा पाचवा हिस्सा मोकळा सोडा. संगणकावर सरळ करताना तेवढा कापला जातो.

सरळ करताना लोक हमखास एक चूक करतात: मिनाराच्या दोन्ही कडा समांतर करतात. हे मिनार मुळातच वर निमुळते होत जातात. कडा समांतर केल्या की डोकं जड झालेला धुराडा दिसतो. उलुग बेगच्या मदरशाचे मिनार तर खरोखरच कललेले आहेत. त्यातला ईशान्येचा १९३२ मध्ये शुखॉव्ह या रशियन अभियंत्याच्या योजनेने सरळ करण्यात आला. त्यामुळे दुरुस्तीची रेघ मिनारावर ठेवू नका, दर्शनी कमानीच्या चौकटीच्या उभ्या कडेवर ठेवा. आणि दुरुस्ती शंभर टक्के करू नका, सत्तर-ऐंशीवर थांबा. खालून पाहताना थोडं निमुळतं दिसणं डोळ्यालाही खरं वाटतं.

बुखारातल्या दिशा पटकन सांगतो. कल्यान मशीद पूर्वेकडे पाहते, समोरचा मीर-ए-अरब मदरसा पश्चिमेकडे. अर्क किल्ल्याचा दरवाजा पश्चिमेला, म्हणजे संध्याकाळ. त्याच्यासमोरची बोलो-हौज मशीद पूर्वेला, म्हणजे सकाळ. बोलो-हौजच्या ओसरीला वीस लाकडी खांब आहेत आणि पुढच्या पाण्यात त्यांचे चाळीस होतात, पण वारा सुटण्याआधीच. फोकस पाण्यावर नव्हे, खांबांवर करा. सामानी राजांची विटांची कबर दहाव्या शतकातली, तिच्यावर रंग नाही, नुसती विटांची वीण. तिथे समोरून ऊन मेलं समजा. भिंतीला घासून जाणारं ऊन हवं, तरच प्रत्येक वीट सावली टाकते. ज्या बाजूवर ऊन नुकतंच शिरतंय किंवा निघतंय ती बाजू निवडा.

आतल्या फोटोंना ट्रायपॉड बहुतेक ठिकाणी चालत नाही. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० ते ३२००, १/३० सेकंद, खांदा खांबाला टेकवून. छतासाठी कॅमेरा जमिनीवर उताणा ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा. तिल्ला-कारीच्या सोनेरी मशिदीचं छत घुमटाकार वाटतं, खरं ते सपाट आहे. हा भास फोटोत यायला कॅमेरा बरोब्बर मध्यावर हवा.

खिवाला इचान-कला या तटबंदीच्या आत मुक्काम करा, पहाटेच्या रिकाम्या गल्ल्या फुकट मिळतात. संध्याकाळी पश्चिमेकडच्या कुन्या-अर्क या जुन्या किल्ल्याच्या बुरुजावर चढा. सूर्य पाठीशी, समोर १८५५ मध्ये अर्धवट राहिलेला बुटका कल्ता मिनार आणि मागे इस्लाम खोजाचा उंच मिनार. बुरुजाचं तिकीट वेगळं असतं, अर्धा तास आधी जाऊन कठड्याची जागा धरा. सूर्य गेल्यावर लगेच उतरू नका. पंधरा-वीस मिनिटांनी दिवे आणि आकाश बरोबरीला येतात: आयएसओ २००, एफ/५.६, अर्धा ते दोन सेकंद, कॅमेरा कठड्यावर पिशवी ठेवून. जुमा मशिदीतल्या दोनशेहून अधिक कोरीव खांबांसाठी मात्र दुपार राखून ठेवा, छतातल्या झरोक्यांतून ऊन तेव्हाच खाली पडतं.

ड्रोन घरी ठेवा. परवान्याशिवाय तो देशात नेणंच बेकायदा आहे, विमानतळावर जप्त होतो. माणसांचा फोटो घ्यायचा तर ‘सुरतगा ओल्साम मायलिमी?’ असं विचारा. त्यातला ‘सुरत’ म्हणजे आपली सूरतच, त्यामुळे लक्षात राहतं.

निघण्याआधी सराव हवा असेल तर बीदर गाठा, लातूर-उदगीरकडून जवळ आहे. महमूद गावानचा मदरसा (१४७२) तिमुरी धाटणीतला आहे. दर्शनी बाजू पूर्वेला, तिच्यावर आणि उरलेल्या मिनारावर निळ्या टाइल्स अजून शिल्लक आहेत. सकाळी आठ ते दहा उन्हात, मग दुपारनंतर त्याच भिंतीचे सावलीत, असे दोन संच काढा. ऑटो व्हाइट बॅलन्स आणि हाताने लावलेलं केल्विन, दोन्ही. पोलरायझर कुठे उभं राहून चालतो तेही तिथेच कळेल.