कान तुटलेला कप

"घरातलं जुनं काही हाती लागलं, आता सांगू की नको?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे वरचेवर येतो. कुणाला आजोबांचं पहिलं लग्न सापडतं, कुणाला दत्तकपत्र. या मुलीला जात सापडली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वय 27, पुण्यात आयटीत नोकरी, लग्न चार महिन्यांवर. वडील गेल्यावर वारसनोंदीचे कागद शोधताना आजोबांच्या ट्रंकेत 1944 सालचा शाळेचा दाखला निघाला. आडनाव वेगळंच, जातीच्या रकान्यात 'हिंदू महार'. घरात आजवर सांगितलं जायचं, आपण पाटलांच्या भावकीतले. जात पडताळणीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मिळवायला लोक गावोगाव वणवण करतात. इथे तो साड्यांखाली दडवून ठेवलेला.

मी लगेच लग्नाकडे वळले. चुकलंच माझं. तिने मान हलवली.

"मॅडम, आमच्या मोरीजवळच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप असायचा. कामवाल्या मावशींचा. आजी तो आतल्या भांड्यांत कधी येऊ द्यायची नाही." मग बराच वेळ गप्प. "आजीला तर माहीत होतं ना?"

कॉलेजात 'कोट्यातून आलाय वाटतं' म्हणत पोरं हसायची, तीही हसायची. आता तेच आठवून झोप लागत नव्हती. "मी माझ्याच आजोबांना हसले," म्हणाली. मी विचारलं, "आणि ते आजोबा निघाले नसते, तर?" तिला राग आला. पुढच्या वेळी आलीच नाही.

(असा कप माझ्या माहेरीही होता. समुपदेशकाने आपलं मध्ये आणू नये म्हणतात, म्हणून तिला सांगितलं नाही.)

तीन आठवड्यांनी आली ती आजीशी बोलूनच. आजीचा पहिला प्रश्न होता, "कुणाला सांगितलंस?" मग थोडं थोडं करून बाहेर आलं. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, पुण्यात पूर आला, त्यात त्यांची खोली गेली. नव्या वसाहतीत शेजार सगळा अनोळखी. आजोबांनी गावाच्या नावावरून आडनाव घेतलं, आणि आजीने तो कप ठेवला, शेजारणीला दिसेल असा. "तो नसता तर तिने विचारलं असतं," आजी म्हणाली.

मी तिला एवढंच सुचवलं: हे गुपित तू ठेवलेलं नाहीस, त्यामुळे ते ओझं तुझ्या डोक्यावर नको. कुणाला सांगायचं ते तू ठरव, पण आधी आजीला धीर दे. साठ वर्षं तिने दाराकडे कान लावून काढलीत. घटनेच्या 17व्या कलमाने अस्पृश्यता मोडीत काढली खरी, तरी भाड्याची खोली दाखवणारा एजंट अजून आडनावापासूनच सुरुवात करतो. आजीची भीती उगाच नव्हती.

होणाऱ्या नवऱ्याला तिने सांगितलं. तो म्हणाला, "मला काही नाही, पण आईला कळवायची काय गरज?" त्या 'पण'वर त्या दोघांचं अजून बोलणं चालू आहे.

आजीला आता नीट दिसत नाही. तिने दाखला वाचून दाखवायला सांगितला. 'वर्तणूक: चांगली' ही ओळ तिने दोनदा वाचून घेतली.