वरच्या मजल्यावर वाय-फाय नाही आणि लॅपटॉप विंडोज १० चा: आधी काय करू?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. राउटर तळमजल्यावर आहे आणि वरच्या खोलीत रेंज येत नाही; शिवाय २०१६च्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे, तर नवीन घ्यावा की लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) टाकावं? माझं मत असं की लॅपटॉपला हात लावण्याआधी वायरमन बोलवा. त्यानंतर लॅपटॉपची निम्मी तक्रार मिटली तर मला नवल वाटणार नाही.

बहुतेक घरांत फायबरवाला दारातून वायर आत घेतो आणि दाराशेजारीच राउटर ठोकून जातो. तिथून वरच्या मागच्या खोलीत पोचायचं तर सिग्नलला दोन-तीन भिंती आणि सळ्यांची जाळी असलेला स्लॅब पार करावा लागतो. वाय-फायचा सिग्नल मुख्यतः ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतो. ५ वर वेग चांगला मिळतो, पण भिंतींपुढे तो लवकर दम तोडतो. २.४ लांब जातो, पण तिथे शेजारच्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन अशी सगळ्यांचीच गर्दी असते.

दुकानदार रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे पाठवणारं यंत्र, देईल. घेऊ नका. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. त्यातून लोक तो नेमका रेंज नसलेल्या खोलीत लावतात. तिथे त्याच्याच हाती काही लागत नाही, तर तो पुढे काय देणार?

त्यापेक्षा खालच्या राउटरपासून वरच्या मजल्यापर्यंत कॅट सिक्स (नेटवर्कची) केबल ओढून घ्या. शंभर मीटरपर्यंत ती गिगाबिट वेग सहज देते, घरात एवढी कधीच लागत नाही. केबल शुद्ध तांब्याची आहे ना, हे विचारून घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते आणि नंतर त्रास देते. लाइटच्या वायरींच्या पाइपातून मात्र ती नेऊ देऊ नका. जिन्याच्या कडेने वेगळी पट्टी मारली तरी चालेल. वर दुसरा राउटर लावा, कपाटात पडलेला जुनाही चालेल. त्यात ॲक्सेस पॉइंट मोड (केबलने आलेलं नेट फक्त वाय-फायवर देणं) असेल तर तो निवडा. नसेल तर त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला क्रमांक) खालच्या राउटरपेक्षा वेगळा करा, डीएचसीपी (यंत्रांना असे पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि केबल वॅनऐवजी (बाहेरून नेट येणारं भोक) लॅनच्या (घरातल्या यंत्रांसाठीच्या) भोकात घाला. दोन्हींना नाव आणि पासवर्ड एकच द्या. २.४ वर एकाला चॅनल १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११ द्या, म्हणजे दोघं एकमेकांच्या आड येणार नाहीत.

आता लॅपटॉप. त्या काळातल्या स्वस्त लॅपटॉपांत फक्त २.४ चं वाय-फाय कार्ड असायचं. तुमचं तसं आहे का ते पाहायला राउटरच्या ५ गिगाहर्ट्झला तात्पुरतं वेगळं नाव द्या. मोबाइलला ते नाव दिसलं आणि लॅपटॉपला दिसलं नाही, तर कार्ड जुनं आहे. मग ‘लॅपटॉपवर नेट हळू चालतं’ याचा दोष विंडोजला देण्यात अर्थ नाही, आणि लिनक्स टाकूनही वेग वाढायचा नाही. वर राउटर आलाच आहे, त्याच्या लॅनच्या दुसऱ्या भोकातून केबलने लॅपटॉप जोडा.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. लॅपटॉप बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबतात. नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत त्या मिळायची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली. विंडोज ११ अधिकृतपणे तुमच्या लॅपटॉपवर बसणार नाही. त्याला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, आणि ती पिढी २०१७ साली आली. धडधाकट यंत्रं केवळ या अटीपायी भंगारात जातात, याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून माझा कौल लिनक्सच्या मिंट या प्रकाराला. त्याच्या २२व्या मालिकेला २०२९पर्यंत सपोर्ट आहे. लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा, फरक लगेच कळेल. घरी टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) किंवा श्रीलिपीवर (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) काम होत असेल तर मात्र विंडोज सोडू नका.

पुढे काय होईल, हा माझा अंदाज. कचेऱ्यांतून विंडोज इतक्यात हलत नाही. घरात मात्र बँक, शाळा, तिकिटं सगळं ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवर गेलंय, त्यामुळे खाली कोणती सिस्टिम आहे याचं महत्त्व घटत जाईल. गूगल लॅपटॉपची क्रोमओएस आणि मोबाइलची अँड्रॉइड या आपल्या दोन सिस्टिम एकत्र आणतंय. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकताहेत. विंडोजची पुढची मोठी आवृत्ती आली की पुन्हा चिपची नवी अट घालून आजची बरीच यंत्रं बाद केली जातील, असं मला वाटतं. नवीन घ्यायची वेळ आलीच, तर रॅम बदलता येईल असाच लॅपटॉप घ्या.

मिंट टाकण्याआधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा. त्याला इन्स्टॉल करावं लागत नाही. वाय-फाय, आवाज, प्रिंटर आणि झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, एवढं तपासा. ब्रॉडकॉम आणि रिअलटेकची काही कार्डं आधी ओळखली जात नाहीत. तसं झालं तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग (मोबाइलचं नेट लॅपटॉपला देणं) सुरू करा आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये त्या कार्डाचा ड्रायव्हर मिळतो का ते पाहा. फोटो आणि कागदपत्रं मात्र आधी बाहेरच्या डिस्कवर काढा, कारण इन्स्टॉल करताना पूर्ण डिस्क निवडली की जुनं सगळं पुसलं जातं.