वाचकांचे प्रश्न : लेक म्हणते, दूधही नको

प्रश्न : आमचे गाव चोपडा तालुक्यात आहे. घरी सहा म्हशी आणि एक बैलजोडी आहे. केळीच्या जोडीला दुधावरच घर चालते. थोरली मुलगी पुण्याला शिकते आणि तेथे प्राणीहक्कांसाठी काम करणाऱ्या तरुणांच्या एका गटात जाऊ लागली आहे. यंदा पोळ्याला ती घरी आली, पण पुरणपोळीवर तिने तूप घेतले नाही. ‘वर्षभर वेसण ओढायची आणि एक दिवस पाया पडायचे, याला प्रेम कसे म्हणायचे?’ असे ती तिच्या आजोबांसमोर म्हणाली. मग तिने मला विचारले, ‘आप्पा, मागच्या पावसाळ्यात झालेला रेडा कुठे आहे?’ मला उत्तर देता आले नाही आणि राग मात्र आला. आम्ही जनावरांना लेकरांसारखे वाढवतो. या संघटनांना आमचे गोठे बंद करायचे आहेत का? मुलीला मी काय सांगावे?
— एक शेतकरी, चोपडा तालुका

उत्तर : आपण ज्यांना सरसकट ‘या संघटना’ म्हणता, त्यांच्यात दोन वेगळे विचार आहेत आणि ते एकत्र केले की भांडण वाढते. पहिला विचार प्राणीकल्याणाचा. जनावर पाळावे, त्याचे दूध घ्यावे, त्याला कामालाही जुंपावे, परंतु ते उपाशी-तहानलेले राहू नये, आजारात त्याला उपचार मिळावेत, त्याला अवघडून राहावे लागू नये, भीतीत दिवस काढावे लागू नयेत, असे हा विचार सांगतो. ब्रिटनमध्ये १९६५ साली ब्रॅम्बेल समितीने गोठ्यांतील आणि खुराड्यांतील जनावरांची पाहणी करून जो अहवाल दिला, त्यातून पुढे जनावरांची ‘पाच स्वातंत्र्ये’ मांडली गेली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली जल्लिकट्टू (तमिळनाडूतील बैल काबूत आणण्याचा खेळ) आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घालताना त्यांचाच आधार घेतला होता. दुसरा विचार प्राणीहक्कांचा. प्राणी हा कोणाच्या मालकीचा असूच शकत नाही, त्यामुळे त्याला चांगले वागवून त्याचे दूध घेणेही अन्यायच आहे, असे तो मानतो. आपली मुलगी या दुसऱ्या बाजूला उभी आहे. तेव्हा आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, पहिल्या विचाराच्या लोकांना आपला गोठा बंद करायचा नाही. दुसऱ्यांना शेवटी तो बंद व्हावा असे वाटते आणि ते हे उघडपणे सांगतात.

कायदा आज पहिल्या विचाराच्या बाजूने आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१क मध्ये प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे, तर अनुच्छेद ४८ शासनाला पशुपालन आधुनिक पद्धतीने संघटित करण्यास सांगतो. २०१४ च्या बंदीनंतर राज्यांनी शर्यतींना परवानगी देणारे कायदे केले; ते वैध ठरवताना १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असेही नमूद केले की, आपल्या राज्यघटनेने प्राण्यांना मूलभूत हक्क दिल्याचा दाखला आढळत नाही. म्हणून आपला गोठा कायद्याने सुरक्षित आहे. परंतु मुलीने आपल्याला कायद्याविषयी विचारलेलेच नाही. तिने रेड्याविषयी विचारले आहे.

मी तीस वर्षे पशुवैद्यक म्हणून खान्देशातील गोठे पाहिले. वगार, म्हणजे म्हशीचे मादी पिलू, झाली की गोठ्यात आनंद असतो. रेडा झाला की घरातले कोणी काही बोलत नाही, पण त्या दिवसापासून त्याच्या वाट्याचे दूध आटू लागते. म्हैस व्याल्यानंतर पहिल्या तास-दोन तासांत रेडकाच्या पोटात चीक, म्हणजे व्याल्यानंतरचे पहिले घट्ट दूध, जायलाच हवा, कारण रोगांशी लढण्याची त्याची सारी शक्ती त्या चिकातूनच येते. आपल्याकडे तोच चीक भांड्यात काढला जातो, त्याचा खरवस होतो आणि तो चार घरी वाटला जातो. दहा-बारा दिवसांनी मला बोलावणे यायचे. रेडकू दावणीच्या कडेला मान टाकून बसलेले असायचे, शेपटीखाली पांढरट हगवण वाळलेली असायची, आणि तोंडात बोट घातले तर ते चोखण्याचा प्रयत्नही न करता जीभ तशीच गार पडलेली असायची. त्या गार जिभेचा स्पर्श मला अजून आठवतो. ‘डॉक्टर, जगेल का?’ असे विचारणारा मालक मनाचा वाईट नसायचा. वगारीसाठी त्यानेच रात्रभर शेकोटी जागवलेली मी पाहिली आहे. तरीही तो रेडा भुकेने मेला, हे खरेच होते. जो वाचतो तो थोडा मोठा होताच व्यापाऱ्याच्या गाडीत चढतो. आपला रेडा कुठे गेला हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणूनच आपल्याला राग आला, असे मला वाटते.

‘लेकरांसारखे वाढवतो’ हे आपले वाक्य खोटे नाही, पण ते दूध देणाऱ्या आणि ओढकाम करणाऱ्या जनावरांपुरतेच खरे आहे. मुलगी नेमके येथेच बोट ठेवते आणि येथे ती बरोबर आहे.

मात्र पुढे ती जेथे जाते तेथे तिचे उत्तर अपुरे पडते. बैलाचे उदाहरण घ्या. आपल्या राज्यात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्याने आली. त्यात दुरुस्ती होऊन मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली. म्हैसवर्गाला ही बंदी लागू नाही. त्याआधी थकलेला बैल बाजारात विकून आलेल्या पैशांत भर घालून शेतकरी नवे गोऱ्हे घेत असे. आता थकलेल्या बैलाला बाजारात किंमत उरली नाही आणि वैरणीचा खर्च मात्र चालूच राहतो. अनेकांनी बैल ठेवणेच सोडले. त्याला ट्रॅक्टर हे अधिक मोठे कारण आहे, हे मान्य केले पाहिजे. देशातील गोवर्गीय नरांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ६.८ कोटी होती. २०१९ मध्ये ती सुमारे ४.७ कोटींवर आली. कत्तल थांबवल्याने बैल वाचला असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. ज्या जनावराला पोसणारा कोणी नाही, त्याच्या हक्काची जबाबदारी नेमकी कोणी घ्यायची, हे मुलीला अवश्य विचारा. पांजरापोळ आणि गोशाळा आहेत, पण साऱ्या भाकड जनावरांना पुरेल एवढी वैरण तेथे कोठून येणार? सातपुड्याच्या पायथ्याशी ज्या भूमिहीन बाईचा दवाखान्याचा आणि शाळेचा खर्च चार शेळ्यांवर निघतो, तिच्यासाठी कोणती योजना आहे, हेही विचारा. वादात जिंकण्यासाठी नव्हे, तर उत्तर मिळावे म्हणून विचारा.

आता वेसण. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा वेसण घालणे, शिंगे काढणे आणि खच्चीकरण यांना विहित पद्धतीने केल्यास मुभा देतो. परंतु मुभा आहे म्हणून वेदना होत नाही असे नाही. नाकाच्या पडद्यातून गेलेली सुती दोरी पावसाळ्यात भिजून फुगते, जखम चिघळते आणि तिच्यात अळ्या पडतात. शांत बैलाला म्होरकी (नाक न टोचता तोंडाभोवती बांधायची दोरी) पुरते. गोऱ्हा दगडाने बडवून खच्ची करण्याची जुनी रीत अजून काही ठिकाणी चालते. ती आजच थांबली पाहिजे. बर्डिझो चिमट्याने (कातडी न कापता आतली नस दाबणाऱ्या चिमट्याने), पशुवैद्याच्या हातून आणि जागा बधिर करून हे काम होते.

आणखी एक नियम खान्देशात फार थोड्यांना ठाऊक आहे. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनुसार, जेथे तापमान ३७ अंशांच्या वर जाते तेथे दुपारी १२ ते ३ या वेळेत जनावर जुंपता येत नाही, दिवसभरात ९ तासांहून अधिक काम घेता येत नाही आणि टोकदार आर असलेली काठी वापरता येत नाही. आपल्याकडे मार्च सरत आला की पारा ३७ च्या वर जातो आणि मृगापर्यंत खाली येत नाही. पोळ्याला बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावणाऱ्या प्रत्येक घराने हा नियम वैशाखात पाळावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मुलीला सांगण्यासारखे आधी आपल्या गोठ्यात करा. पुढची म्हैस व्याली की रेडा असो वा वगार, पहिला चीक त्यालाच पाजा. खरवस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या चिकाचा करा. दहाव्या ते चौदाव्या दिवशी जंताचे औषध द्या, कारण म्हशीच्या पिलांना आईकडूनच येणारे जंत मारतात. कृत्रिम रेतन करताना लिंगनिश्चित रेतमात्रा मागा. तिने मादी पिलू होण्याची शक्यता सुमारे ९० टक्के असते, म्हणजे उपाशी मरण्यासाठी जन्माला येणारे रेडे कमी होतात. एवढे करूनही मुलगी तूप घेणार नाही, हे शक्य आहे. तिला आग्रह करू नका. परंतु रेड्याचा प्रश्न तिने पुन्हा विचारला, तर आपल्याला खाली पाहावे लागणार नाही.

प्रश्न : नवापूर परिसरात माझा अंड्यांच्या कोंबड्यांचा फार्म आहे. पिंजरे बंद करा, अशी मागणी वारंवार ऐकू येते. शेडसाठी घेतलेले कर्ज अजून फिटलेले नाही. ही मागणी रास्त आहे का?
— एक व्यावसायिक, नंदुरबार जिल्हा

उत्तर : मागणी रास्त आहे, उद्याच बंद करा हा तिच्यातला हट्ट रास्त नाही. आपल्याकडील प्रचलित पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला साधारण ४५० चौरस सेंटिमीटर जागा येते. छपाईचा नेहमीचा ए-४ कागद जमिनीवर ठेवा; कोंबडीची जागा त्याहूनही लहान आहे. तेथे तिला पंख पसरता येत नाहीत, माती उकरता येत नाही आणि अंडे घालण्यासाठी आडोसा शोधता येत नाही, आणि अंडी देण्याचा सगळा काळ ती त्यातच काढते. भारतीय विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये आपल्या २६९ व्या अहवालात या विषयाचा विचार करून कोंबड्यांना वाढवण्याचे नियम सुधारण्याची शिफारस केली आहे.

युरोपीय संघाने असे साधे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले, पण तो निर्णय १९९९ सालीच जाहीर झाला होता. व्यावसायिकांना बारा वर्षांहून अधिक मुदत मिळाली, आणि कर्ज फेडून शेड बदलण्यासाठी तेवढा काळ लागतोच. आपण मुदत आणि अर्थसाहाय्य मागावे. पिंजऱ्याचे समर्थन करू नये. दाटीने ठेवलेल्या पक्ष्यांचे मोल नवापूरने दोनदा मोजले आहे. देशातील बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच तालुक्यात आढळला आणि २०२१ मध्ये तो पुन्हा आला. रोग पिंजऱ्यामुळे येतो असे मी म्हणत नाही. पण एका छताखाली हजारो पक्षी असले की एका पक्ष्याच्या आजारात सगळे मारावे लागतात, आणि मारलेले पक्षी पुरण्याचे खड्डे भरताना रडणारी माणसेही आपल्यातलीच असतात.

प्रश्न : गुरे नेणारी गाडी दिसल्यास आम्ही तरुणांनी ती अडवावी का?
— एक विद्यार्थी, धुळे

उत्तर : नाही. जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांनुसार एका मालवाहू वाहनात ६ हून अधिक मोठी गुरे नेता येत नाहीत आणि गुरे प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला लागतो. गाडीत गुरे कोंबलेली दिसली तर ११२ क्रमांकावर कळवा, गाडीचा क्रमांक आणि रस्ता सांगा. तपासणी आणि जप्तीचा अधिकार पोलीस शिपायाच्या वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी किंवा राज्य शासनाने अधिकार दिलेली व्यक्ती यांनाच आहे. त्या गाडीत बाजारातून घरी नेण्यासाठी घेतलेली बैलजोडीही असू शकते. चालकावर हात उचलणे हा गुन्हा आहे, आणि पोलीस येईपर्यंत करण्यासारखे काम दुसरेच आहे : चालकाला विचारून त्या गुरांना बादलीभर पाणी दाखवा.