पाचशेच्या स्टँपवर सही झाली म्हणून बोटांची भरपाई संपत नाही

प्रश्न : आम्ही वानाडोंगरीला राहतो. माझे पती हिंगणा एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये पॉवर प्रेसवर ऑपरेटर होते. ११ मार्च २०२५ ला रात्रपाळीत पीस काढताना रॅम (प्रेसचा वरून दाबणारा भाग) खाली आला आणि उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. तेव्हा वय ३५ पूर्ण. पगाराचे ११,००० बँकेत यायचे, ओव्हरटाइमचे साधारण ३,००० रोख. मालकाने दवाखान्याचं ७०,००० चं बिल भरलं. नंतर ४०,००० देऊन ५०० च्या स्टँपपेपरवर ‘पूर्ण भरपाई मिळाली, पुढे दावा करणार नाही’ अशी सही घेतली. आता कामावर घेत नाही आणि म्हणतो, सेन्सर तुमच्याच माणसाने बंद केला होता. शेडमध्ये आठ माणसं आहेत, ईएसआय (कामगार राज्य विमा) नाही, नेमणूकपत्र नाही. आता काही करता येईल का?

उत्तर : करता येईल, ताई. पण आधी एक तारीख भिंतीवर लिहून ठेवा : १० मार्च २०२७. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ प्रमाणे दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत दाखल व्हावा लागतो. उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना (हे दावे ऐकून निकाल देणाऱ्या अधिकाऱ्याला) आहे, मात्र त्यासाठी सबळ कारण लागतं. ‘मालक देतो-देतो म्हणत होता’ हे कारण दर वेळी पुरतंच असं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे. अपघात त्याआधीचा असल्यामुळे तुमच्या पतींचा हक्क जुन्या कायद्यानेच मोजला जाईल. ‘तो कायदाच आता उरला नाही’ असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

त्या स्टँपपेपरला तुम्ही घाबरलात, हे साहजिक आहे. मालकही त्याच भरवशावर बसला आहे. पण कलम १७ सांगतं की, भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो, मग स्टँप ५०० चा असो की ५,००० चा. एकरकमी तडजोड खरंच करायची असेल तर कलम २८ प्रमाणे मालकाने तिचं टिपण नोंदणीसाठी आयुक्तांकडे पाठवायचं असतं, आणि रक्कम अपुरी वाटली किंवा दडपणाखाली सही घेतलेली दिसली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. टिपण पाठवलंच नाही तर काय होतं, ते कलम २९ मध्ये आहे. बरेच मालक ते वाचत नाहीत. तिथे मालकावर पूर्ण भरपाईची जबाबदारी येते आणि आधी दिलेल्या रकमेतली निम्म्याहून जास्त रक्कम त्याला वळती करता येत नाही, आयुक्तांनी वेगळा आदेश दिला तरच. म्हणजे तुमच्या ४०,००० पैकी सहसा २०,००० च वजा होतील. दवाखान्याचे ७०,००० तर हिशेबात धरायचेच नाहीत, कारण उपचाराचा प्रत्यक्ष खर्च ही त्याची वेगळी जबाबदारी आहे. ड्रेसिंग, औषधं, एक्स-रे यांवर तुमच्या खिशातून गेलेलं सगळं मागा, पावत्या जोडा. आणि ४०,००० मिळाल्याचं अर्जात स्वतःहून लिहा. लपवलं आणि समोरच्याने कागद काढला, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

आता सेन्सर. या प्रकरणात खरी लढाई इथे होईल. कामगाराचं लक्ष नव्हतं, डुलकी लागली, घाई केली, असल्या साध्या निष्काळजीपणाने भरपाई जात नाही. पण सुरक्षेसाठी बसवलेलं उपकरण त्याने जाणूनबुजून काढलं किंवा धुडकावलं आणि अपघात थेट त्यामुळेच झाला, हे मालकाने सिद्ध केलं तर तुमच्यासारख्या अंशतः कायम अपंगत्वाच्या दाव्यात तो सुटू शकतो. ‘सिद्ध केलं तर’, आणि ते ओझं मालकावर आहे.

म्हणून पतींना शांतपणे बसवून हे विचारा आणि उत्तरं वहीत टिपून घ्या. सेन्सरचा बायपास पॅनेलमध्ये होता का, पॅनेलची चावी कोणाकडे असायची? दोन हातांनी दाबायची बटणं होती का, की नग जास्त निघावेत म्हणून फूट पॅडल लावलं होतं? शिफ्टला किती नगांचं टार्गेट होतं? बाजूच्या प्रेसचेही सेन्सर बंद होते का? सगळ्याच मशीनचे बंद असतील तर एकट्या ऑपरेटरने आपल्या मर्जीने केलं, ही कहाणी टिकत नाही. फोरमनच्या सांगण्यावरून चालणारं मशीन म्हणजे कामगाराचा हट्ट नव्हे. साक्षीदार म्हणून आज तिथे नोकरीला असलेल्यांच्या मागे लागू नका, ते घाबरतात. ते शेड सोडून गेलेल्यांना शोधा. रात्रपाळीतल्या कोणाकडे मशीनचा फोटो किंवा फोरमनचा व्हॉट्सअॅप मेसेज असेल तर तो फोनमधून उडण्याआधी जपून ठेवा.

पैशाचा हिशेब असा. पूर्ण कायम अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांना वयाच्या गुणकाने गुणतात. ३५ वर्षांचा गुणक १९७.०६ आहे. वेतन १४,००० धरलं तर ८,४०० गुणिले १९७.०६ म्हणजे १६,५५,३०४. एका हाताची दोन बोटं गेल्यास कायद्याच्या अनुसूचीत (इजांच्या यादीत) २० टक्के आहेत, त्यामुळे तुमचा आकडा ३,३१,०६१ रुपये. (त्याच अनुसूचीत सुटी तर्जनी १४ टक्के आणि मधलं बोट १२ टक्के आहे; दोन्ही मिळून २६ होतात आणि ‘दोन बोटं’ मात्र २०. हे गणित करणाऱ्यालाच ठाऊक.) वेतन ११,००० च धरलं तर हीच रक्कम २,६०,११९ वर येते. सत्तर हजारांचा फरक त्या रोख ओव्हरटाइममुळे आहे आणि ओव्हरटाइम वेतनात धरला जातो. त्यामुळे हजेरीचं कार्ड, ओव्हरटाइमची चिठ्ठी, पैसे मिळाल्यावर बँकेत भरलेली रक्कम, सोबत काम करणाऱ्याची साक्ष, जे मिळेल ते गोळा करा. नेमणूकपत्र नसलं तरी बँकेच्या पासबुकातल्या दर महिन्याच्या नोंदी नोकरी दाखवतात. वेतनाची कमाल मर्यादा १५,००० आहे, तुम्ही तिच्या आतच आहात.

डिस्चार्ज कार्ड आजच काढून वाचा. त्यावर नुसतं ‘क्रश इंज्युरी’ (चिरडल्याची इजा) लिहिलं असेल तर काम अर्धवट आहे. बोट कोणत्या सांध्यापासून गेलं, हे लिहिलेलं पाहिजे. मधल्या बोटाचं एकच पेर गेलं असं ठरलं तर त्याचे फक्त ७ टक्के होतात. दवाखान्यातून केस पेपर आणि एक्स-रे घ्या. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला जरूर काढा, पण त्यावरची टक्केवारी आणि कायद्यातली कमाईची क्षमता गमावल्याची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनुसूचीत नाव असलेल्या इजेला अनुसूचीचा आकडा चालतो.

प्रेसचं काम आता जमणारच नाही, मग २० च का, हाही प्रश्न रास्त आहे. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंह देव खटल्यात डावा हात गमावलेल्या सुताराचं अपंगत्व पूर्ण मानलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. अर्जात जास्त टक्केवारी जरूर मागा आणि ती मान्य न झाल्यास २० टक्के, असं लिहा. जास्तीच्या मागणीसाठी डॉक्टरला साक्षीला आणावं लागेल. दोन बोटांच्या बाबतीत ती मान्य होईलच, असं धरून मात्र खर्च करू नका.

भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, हेही त्याच निकालात म्हटलं आहे. महिन्याभरात न दिल्यास वर्षाला १२ टक्के सरळ व्याज लागतं, म्हणजे तुमच्या रकमेवर वर्षाला जवळजवळ ३९,७०० रुपये. उशिराला योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. मालकाने विमा उतरवला असेल तर विमा कंपनीलाही प्रतिवादी करा.

एक खात्री करून घ्या : खरंच आठच माणसं होती का? ईएसआय दहा माणसांपासून लागतो आणि त्यात ठेकेदाराची माणसंही मोजली जातात. एकदा लागू झाला की नंतर माणसं कमी झाली तरी सुटत नाही. दहा भरत असतील तर मालकाने नोंदणी केलेली नसली तरी तुमचा मार्ग ईएसआयचा होतो, १९२३ च्या कायद्याखालचा दावा बंद होतो. त्याचं वाईट वाटून घेऊ नका : तिथे बरं होईपर्यंत वेतनाच्या ९० टक्के आणि पुढे अपंगत्वाच्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा पैसे मिळतात. २० टक्के धरले तर सुमारे अडीच हजार महिना. आठच असतील तर प्रश्न नाही, विजेवर उत्पादन चालणारी छोटी शेडही १९२३ च्या कायद्यात येते.

आधी मालकाला लेखी नोटीस पाठवा : नाव, पत्ता, तारीख, इजा कशी झाली हे साध्या भाषेत, आणि किती रक्कम हवी. नोंदणी आणि पोचपावतीसह टपालाने, व्हॉट्सअॅपवर नाही. आपसात मिटलं नाही, हे दाखवल्याशिवाय अर्ज करता येत नाही, म्हणून ही पायरी गाळू नका. नोटिशीनंतर मालकाने आपल्या डॉक्टरकडून मोफत तपासणीला बोलावलं तर पतींना जाऊ द्या. नकार दिला तर हक्क तेवढा काळ अडकतो. पंधरा-वीस दिवसांत उत्तर नाही आलं तर नमुना ‘एफ’ मधला अर्ज करायचा. नागपुरात कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच यासाठी आयुक्त म्हणून काम पाहतात. कायद्यात निकालाला तीन महिने सांगितले आहेत, प्रत्यक्षात जास्त लागतात हे मनात धरून चला. मालकाला अपील करायचं तर निकालाची रक्कम आधी भरावी लागते, आणि त्याने पैसे दिलेच नाहीत तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल होतात.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. औद्योगिक कामगाराला तिथे उत्पन्नाची अट लागत नाही. कोणी उत्पन्नाचा दाखला मागितलाच तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चं कलम १२ दाखवा.